एक तार, अनेक स्वर

मुलुंड येथील आमच्या घरीं, स्वयंपाकघराच्या दारालगतच्या भिंतीवर, एक पुठ्ठा अद्यापि टांगलेला आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत आमच्या वडील बंधूंनीं तो स्वहस्तें लिहिला. सकाळीं आठ ते दहा थोरल्या सूनबाईंची कचेरी, दहा ते एक मुलांची शाळा, दुपारीं धाकट्या चिरंजीवांचें काम, सायंकाळीं सात वाजतां मातोश्रींचें बोस्टन येथील लेकीशीं बोलणें, याप्रमाणें इंटरनेटच्या वापराचें तें वेळापत्रक होतें. ज्या उपनगरांत नळाचें पाणीहि वेळ पाहून येतें, तेथील कुटुंबास अशा शिस्तीचें नावीन्य तें काय असणार? कांहीं दिवस सर्व बिनबोभाट चाललें.

एके दिवशीं मात्र मातोश्रींच्या हृदयविकारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं व्हिडिओ कॉलसाठीं सकाळीं अकराची वेळ दिली. ती नेमकी मुलांच्या परीक्षेची वेळ. परीक्षा थांबवितां येईना, डॉक्टरांसहि थांबावयास सवड नव्हती. तेव्हां दोन्ही कामें एकदम चालूं ठेविलीं. डॉक्टरांचा चेहरा आम्हांस स्वच्छ दिसत होता, शब्दन् शब्द ऐकूं येत होता. ‘पाय दाखवा, सूज कितपत आहे तें पाहूं द्या,’ असें ते म्हणाले. मातोश्रींनीं पाय पुढें केले; पण डॉक्टरांच्या पडद्यावर आमचें चित्र केव्हांच गोठलें होतें. शेजारच्या खोलींतून नातवाच्या उत्तरपत्रिकांचीं छायाचित्रें त्याच तारेनें बाहेर पडत होतीं. सूज न पाहतांच भेट संपली. दुसऱ्या दिवशीं जवळच्या डॉक्टरांस घरीं बोलावून औषध बदलून घ्यावें लागलें. ईश्वरकृपेनें पुढें सर्व ठीक झालें. परंतु एक प्रश्न मनांत राहून गेला. त्यांचें सारें आमच्यापर्यंत पोंचत असतां आमचेंच तेवढें त्यांच्यापर्यंत कां पोंचूं नये?

या प्रश्नाचा मागोवा घेतांना जी माहिती हातीं लागली ती, एकाच तारेवर अनेक माणसें अवलंबून असलेल्या प्रत्येक घरास उपयोगी पडण्यासारखी आहे, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

तारेंतून जाणारी विद्युल्लहर किंवा काचेंतून जाणारा प्रकाश आपण होऊन कांहींच सांगत नाहीं. लहरीच्या उंचींत किंवा तिच्या हेलकाव्याच्या आरंभांत ठरलेला फरक केला, म्हणजे त्या फरकावरून पलीकडच्या यंत्रास शून्य व एक हे अंक ओळखतां येतात. लहरीवर याप्रमाणें संदेश चढविण्याच्या कृतीस मॉड्युलेशन म्हणतात आणि जी संदेश वाहते ती वाहक लहर. आतां संदेश मोठा असला तर दोन मार्ग संभवतात. एकच वाहक लहर घेऊन तिच्यावर अतिशय त्वरेनें अंकामागून अंक चढवावे, हा पहिला. शेंकडों वाहक लहरी एकदम सोडून प्रत्येकीवर थोडाथोडा भार सावकाश चढवावा, हा दुसरा. या दुसऱ्या मार्गास बहुवाहक पद्धति असें म्हणूं.

सावकाशीचा लाभ काय, हें ज्यास अनुभवावयाचें असेल त्यानें बोरीवलीस जाऊन कान्हेरीच्या लेण्यांतील मोठ्या चैत्यगृहांत उभें राहावें. दगडी कमानीखालीं कोणी घाईघाईनें बोलूं लागला, कीं एका शब्दाचा प्रतिध्वनि पुढच्या शब्दावर आदळून सर्वच घोटाळा होतो. तोच मनुष्य एकेक अक्षर लांबवून बोलला, तर मागील अक्षराचा प्रतिध्वनि नव्या अक्षराच्या आरंभींच जिरतो आणि उरलेलें अक्षर स्वच्छ कानीं पडतें. तारेच्या जोडांवरून लहरी परत फिरतात, तेव्हां असेंच घडतें. काचेंत कारण निराळें, परंतु परिणाम तोच: किंचित् भिन्न रंगांचा प्रकाश भिन्न वेगानें जातो, त्यामुळें प्रकाशाचा एक ठिपका वाटेंत पसरून पुढच्या ठिपक्यांत मिसळतो. ठिपके जितके घाईचे तितकी गल्लत अधिक. यास्तव बहुवाहक पद्धतींत प्रत्येक अक्षराच्या आरंभीं त्याच अक्षराच्या शेवटचा लहानसा तुकडा जादा जोडून देतात. प्रतिध्वनीनें काय नासावयाचें तें त्या तुकड्यास नासावें, अशी ही योजना.

परंतु शेंकडों लहरी एकत्र कालवल्यावर त्या पुनः निवडावयाच्या कशा? येथें तालाचें उदाहरण घ्यावें. एका आवर्तनांत एक लहर ठीक चार हेलकावे घेते, दुसरी पांच, तिसरी सहा. आणि साऱ्याजणी समेवर एकत्र येतात. अशा कोणत्याहि दोन भिन्न लहरींचा क्षणोक्षणीं गुणाकार करून संपूर्ण आवर्तनाची बेरीज केली, तर ती शून्य भरते. म्हणून पाहिजे त्या लहरीनें गुणून बेरीज केली कीं तेवढीच हातीं येते. बाकीच्या आपोआप गळून पडतात. कोणतीहि गुंतागुंतीची लहर साध्या लहरींच्या बेरजेनें मांडतां येते, हें तत्त्व फ्रेंच गणिती फूरिये यांनीं १८२२ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. १९६६ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट चँग यांनीं एकमेकींस धक्का न लावतां अशा लहरी दाटीनें पाठविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९७१ मध्यें वाइनस्टाइन व एबर्ट यांनीं ती संगणकी गणितानें साधण्याचा मार्ग दाखविला. शेंकडों निरनिराळे लहरजनक बाळगण्याचें कारणच उरलें नाहीं.

ही विद्या आपल्या उपनगरांत शिरली ती मात्र काचेंतून नव्हे, तांब्याच्या तारेंतून. २००५ च्या सुमारास मुंबईंत दूरध्वनीच्या जुन्या जोडतारेवरून ब्रॉडबँड घरोघर आलें, तें या पद्धतीचें होतें. चार किलोहर्ट्झच्या खालीं माणसाचें बोलणें. त्याच्या वर सुमारें ११०४ किलोहर्ट्झपर्यंत २५६ वाहक लहरींच्या जागा. पुढें सुधारलेल्या प्रकारांत ५१२. प्रत्येकीवरील भार सेकंदास सुमारें चार हजार वेळां बदलत असे. मॉडेम चालूं होतांच प्रत्येक लहर तपासून घेई. जी निर्मळ तिच्यावर पंधरा अंकांपर्यंत भार टाकी, जी गोंगाटांत सांपडलेली तिच्यावर एखाददुसरा, आणि अगदींच निरुपयोगी असेल तिला मोकळी सोडी. मुंबई आकाशवाणीची १०४४ किलोहर्ट्झची मध्यम लहर गच्चीवरून लोंबणाऱ्या तारेंत शिरली, तर हिशोबानें ती २४२ व्या वाहकावर बसते. तेथील भार उतरवून मॉडेम तो शेजारणींच्या माथीं देई. घरांतील प्रत्येकाचा वकूब पाहून काम सोंपविणाऱ्या जुन्या गृहिणीचीच ही रीत.

आमच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच सांपडलें. या वांटणींत घराकडून बाहेर जाण्यासाठीं राखलेल्या जागा होत्या साधारणतः २६ ते १३८ किलोहर्ट्झ एवढ्याच, म्हणजे पंचवीस-सव्वीस वाहक लहरींच्या. उरलेल्या दोनशेंहून अधिक बाहेरून घरांत येण्यासाठीं. घर हें ऐकणारें, पाहणारें व घेणारें. त्यास सांगावयाचें फारसें कांहीं नाहीं, असें ही वांटणी करतांना गृहीत धरलें होतें. चित्रपट पाहणाऱ्या घरास तें बरोबरहि होतें. पण २०२० सालीं घरें बोलूं लागलीं. शिक्षिका घरांतून शिकवूं लागल्या, मुलें उत्तरपत्रिका धाडूं लागलीं, रोगी आपलें दुखणें दाखवूं लागले. मातोश्रींची सूज आणि नातवाची परीक्षा त्या पंचवीस-सव्वीस लहरींच्या अरुंद दारांत अडकली. दोष यंत्राचा नव्हता, वांटणीमागील समजुतीचा होता.

यथावकाश आमच्या सोसायटींत काचतंतु आला. हा तंतु वेष्टणावांचून एक मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा जाड. प्रकाश वाहणारा त्याचा गाभा त्याहूनहि कितीतरी बारीक. १५५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा प्रकाश उत्तम तंतूंत पंधरा किलोमीटर गेला तरी निम्मा शिल्लक राहतो. अंधेरीपासून बोरीवली रेल्वेनें सुमारें बारा किलोमीटर. एवढ्या पल्ल्यांत अर्धाहि प्रकाश हरपत नाहीं. खरी तूट होते ती वांटपांत. केंद्रांतून आलेला एक तंतु विजेवांचून चालणाऱ्या एका लहानशा विभाजकांत बत्तीस वाटांनीं फुटतो आणि प्रत्येक घरास प्रकाशाचा बत्तिसावा हिस्साच मिळतो. जीपॉन या प्रचारांतील पद्धतींत केंद्राकडून सेकंदास सुमारें अडीच अब्ज अंक उतरतात आणि सर्व घरांचे मिळून सव्वा अब्ज चढतात. दार पुष्कळ रुंद झालें. परंतु बाहेर पडण्याचें दार आंत येण्याच्या दाराच्या निम्मेंच राहिलें. २०१६ मध्यें ठरलेल्या नव्या प्रकारांत मात्र दोन्हीकडे दहा-दहा अब्ज अंकांची सोय आहे.

आणि बत्तीस घरें एकाच तंतूवरून केंद्राशीं बोलतात तीं कशीं? आमच्या वडील बंधूंच्या पुठ्ठ्याप्रमाणें! सेकंदाचे आठ हजार भाग करून केंद्र प्रत्येक घरास त्याची वेळ नेमून देतें. आपली वेळ येईपर्यंत घरांतील पेटी गप्प राहते. बंधूंस हें कळलें तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावरील समाधान पाहण्यासारखें होतें.

येथेंच संशोधकांचा प्रश्न उभा राहतो. वेळेची वांटणी करण्याऐवजीं स्वरांची वांटणी कां करूं नये? प्रत्येक घरास कांहीं वाहक लहरी द्याव्या, सर्व घरांनीं एकदमच बोलावें, आणि कोणाची निकड वाढली तर क्षणांत त्याच्या लहरी वाढवून द्याव्या. शिवाय भार सावकाश चढत असल्यानें काचेंतील पसरटपणाचें भयहि कमी. विचार मोहक आहे. पण अडचणीहि खऱ्या आहेत. शेंकडों लहरींचे उंचवटे अवचित एकाच क्षणीं जुळले, तर दिव्यास न झेपणारें शिखर उभें राहतें, आणि त्याची तजवीज करण्यांत दिव्याची बरीच शक्ति वायां जाते. बत्तीस घरांचे दिवे किंचित् भिन्न रंगांचे; त्यांचा प्रकाश एकाच ग्राहकावर पडला कीं परस्परांत झगडून नवाच गोंगाट निर्माण होतो. त्यांतून या वेगाचें गणित करणारें यंत्र घरोघर बसवावयाचें म्हणजे तें महाग. केंद्रांतील खर्च सर्वांत वांटला जातो; घरांतील पेटीचा प्रत्येक रुपया मात्र एकेका घरासच सोसावा लागतो. म्हणूनच २०२१ मध्यें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें ५० गिगाबिटच्या जाळ्याचें प्रमाण ठरविलें, तेव्हांहि एकाच प्रकाशलहरीची साधी उघडझांप कायम ठेविली.

तथापि बहुवाहक पद्धति हरली असें समजूं नये. भ्रमणध्वनीची चौथी व पांचवी पिढी याच पद्धतीवर चालते. घरांतील वायफायहि तिचेंच. त्याच्या सहाव्या पिढींत तर निरनिराळ्या उपकरणांस निरनिराळ्या वाहक लहरी एकाच वेळीं वांटून देतां येतात. म्हणजे भिंतीवरील पेटीपासून हातांतील फोनपर्यंतच्या दहा हातांत अनेक स्वर नांदतात, आणि पेटीपासून केंद्रापर्यंतच्या काचेंत अद्यापि एकच घाईचा स्वर धांवतो. अंधेरीनजीक वेसाव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळाहून ज्या अनेक तारा वर येतात, त्यांसारख्या लांब पल्ल्यांसाठीं आतां केंद्रांतील स्वतंत्र दिव्याशीं ताडून प्रकाश वाचण्याची सूक्ष्म रीत वापरतात. कांहीं नव्या यंत्रांत तर एकाच प्रकाशलहरीच्या पोटीं चार-आठ उपवाहक लहरी असतात. तीच रीत स्वस्त करून गल्लीबोळांत आणावी, असे प्रयत्न जगांत चालू आहेत. अंधेरी, घाटकोपर व मुलुंड यांच्या मधोमध पवईस १९५८ सालीं स्थापन झालेल्या आयआयटींतहि प्रकाश-संदेशवहनाच्या जाळ्यांचा अभ्यास होतो. तेथील अश्विन अनिल गुमास्ते यांस अभियांत्रिकी शास्त्रांसाठीं २०१८ चें शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक लाभलें.

गृहस्थानें यांतून काय घ्यावें? आमच्या मतें तीन गोष्टी. पहिली, काच टिकाऊ आहे. पद्धति बदलल्या तरी बहुधा दोन टोकांच्या पेट्याच बदलतात. म्हणून सोसायटीच्या सभेंत एखाद्या योजनेच्या वेगावर वाद घालण्यापेक्षां जिन्यांतून तंतु नेण्यासाठीं एक चांगली नळी बसवावी आणि तींत दुसऱ्या कंपनीच्या तंतूसहि जागा ठेवावी. दुसरी, जोडणी घेतांना घरांत किती येतें एवढेंच विचारूं नये, घरांतून बाहेर किती जातें हेंहि अवश्य विचारावें. तिसरी, तांब्याच्या जुन्या दूरध्वनीस केंद्राकडून वीज मिळे, म्हणून दिवे गेले तरी तो चाले; काच वीज वाहत नाहीं. घरांत वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर पेटीसाठीं लहानशी बॅटरी ठेवावी.

अलीकडेच मातोश्रींच्या डॉक्टरांची पुनः तशीच भेट झाली. त्या वेळीं घरांतील सहाहि माणसें आपापल्या कामांत होतीं. डॉक्टरांनीं पाय पाहिले, टाचेवर बोट दाबून दाखवावयास सांगितलें, आणि सूज नाहीं असें म्हणाले. पुठ्ठा आतां काढावा, असें सूनबाईंचें मत पडलें. त्यावर वडील बंधु म्हणाले, ‘राहूं द्या. खालच्या पेटींत तोच टांगला आहे. तेथला उतरेल त्या दिवशीं हाहि उतरवूं.’