कडी मिटली, उघडली, मिटली

गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण वळवली त्याला 2009 साली चारशे वर्षं झाली. त्याच वर्षी राळेगणसिद्धीच्या आमच्या वस्तीवर पहिली दुर्बीण आली. तेव्हा सिंह राशीत असलेल्या शनीकडे ती वळवली, तर कडी जवळजवळ दिसतच नव्हती. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघ, बस्स. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि तेवढ्यात दोनदा त्याची कडी आपल्याला नेमकी काठावरून दिसतात. व्यास पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी काही मीटरांचीच. 1612 साली ती अशीच नाहीशी झाली, तेव्हा गॅलिलिओही चक्रावला होता. 2025 मध्ये ती पुन्हा मिटली. 2009 आणि 2025 या दोन मिटण्यांच्या मधली ही वर्षं.

दुर्बीण सहा इंची आरशाची, प्लायवूडच्या डॉब्सन बैठकीवर ठेवलेली. खोक्यावर 'पाचशे पट' छापलेली, लटपटत्या तिपाईची छोटी दुर्बीण तेव्हाही बाजारात मिळायची, आजही मिळते. ती घेऊ नये. 150 मिलिमीटरचा आरसा 70 मिलिमीटरच्या भिंगाच्या साडेचार पट उजेड गोळा करतो, आणि उजेडच नसेल तर पट वाढवून चित्र फक्त धूसर होतं. आमच्या 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाला 25 मिलिमीटरचा आयपीस लावला की 48 पट होतात. शनीची कडी, गुरूचे चार चंद्र, चंद्रावरची विवरं एवढ्यात भरपूर दिसतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी निरीक्षकांना आकाश दाखवते आहे. पैसे मोजण्याआधी अशा जाणत्या मंडळींच्या दुर्बिणीतून एकदा पाहून यावं, हे मी आजही प्रत्येकाला सांगतो.

आमचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. ज्या कोरडेपणाने या गावाला दुष्काळ दाखवला, त्यानेच आकाश मोकळं ठेवलं. त्या वर्षांत भारनियमनही होतं. लाईट गेली की बांधावरून आकाशगंगा सरळ दिसायची. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे कांद्याला दारं धरायला आलेली माणसं बॅटरी विझवून दुर्बिणीशी थांबत. चिखलाचे पाय, खांद्यावर खोरं, आणि एक डोळा मिटून आयपीसला लावलेला दुसरा डोळा. तिकांडं (मृगातले तीन तारे) आणि म्हातारीची बाज (सप्तर्षी) त्यांना माझ्याआधी सापडायची.

शनीचं मात्र वेगळं होतं. शिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात. शनी म्हटलं की तेल, शनिवार आणि साडेसाती. शेजारच्या आजी दुर्बिणीजवळ आल्या त्या चपला बाजूला काढूनच. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाल्या, "एवढा देखणा हाय व्हय ह्यो!" त्यांची श्रद्धा तिथे जराही उणी झाली नाही आणि तशी माझी इच्छाही नव्हती.

2017 मध्ये कडी 27 अंशांपर्यंत उघडली. शनी सूर्यासमोर येण्याचा काळ नेमका जूनमध्ये, पण आमच्याकडे पाऊस बेताचा, त्यामुळे ढगांच्या फटीतून तो सापडायचा. सगळ्यात थोर संध्याकाळ 21 डिसेंबर 2020 ची. गुरू आणि शनी 1623 नंतर पहिल्यांदाच इतके जवळ आले होते. पश्चिमेला क्षितिजालगत, एकाच आयपीसमध्ये गुरू, त्याचे चंद्र आणि कड्यांसह शनी. अंधार पडेपर्यंत ते खाली चालले होते, म्हणून रांगेतल्या प्रत्येकाला घाई, आणि मुलं एकमेकांना ढकलत होती.

दरम्यान रात्र बदलली. 2018 मध्ये राळेगणला सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प आला. शेतीला दिवसा वीज मिळू लागणं ही चांगलीच गोष्ट; रात्रीच्या पाण्यात साप-विंचवाची भीती काय असते ते इथल्यांना विचारावं. पण पूर्वेला सुप्याची एमआयडीसी, नैऋत्येला रांजणगाव, आणि घराघरांसमोर एलईडी. क्षितिजाजवळचं आकाश पिवळट झालं आहे. दिव्यांवर टोपी घालून उजेड खाली वळवला तरी पुष्कळ फरक पडेल. ग्रामपंचायतीला ते अवघड नाही.

मार्च 2025 मध्ये कडी नेमकी काठावर आली तेव्हा शनी सूर्याच्या झोतात होता, 2009 च्या सप्टेंबरात होता तसाच. दिवाळीनंतर मात्र ती पुन्हा रेघ होऊन दिसली. आता ती उघडत जातील आणि 2032 मध्ये पूर्ण फाकतील. आरशाचा मुलामा फिका पडला आहे, तो त्याआधी नव्याने द्यायला हवा.