हिमसागरांतील मासे

कुड्याच्या लेण्यांखालील खाडींत मासळी उबदार पाण्यांत वाढते. १९८१ सालीं गोव्याहून भारताची पहिली मोहीम ज्या दक्षिणध्रुव प्रदेशास निघाली, तेथील समुद्र मात्र उणें १·९ अंशांपर्यंत थंड असतो. आपल्या मासळीचें रक्त त्यांत गोठून जाईल. मग तेथील मासे जगतात कसे? त्यांच्या रक्तांत एक विशेष प्रथिन असतें, असें आर्थर डीव्रीज यांनीं १९६९ सालीं दाखविलें; तें बर्फाच्या सूक्ष्म कणांस चिकटतें व त्यांची वाढ रोखतें. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. म्हणून कांहीं माशांचें तांबड्या द्रव्यावांचून, निर्वर्ण रक्तावरहि भागतें.

परंतु थंडीस सरावलेल्या या जीवांस उष्णता सोसत नाहीं. कित्येक जाती सहासात अंशांवरच मरतात. आतां समुद्र तापत आहेत. उबदार पाण्यांतील मासा थंडाव्याकडे सरकूं शकतो; यांनीं कोठें जावें?