विश्लेषण : ठाण्यात मारल्या गेलेल्या ख्रिस्ती साधूंची हाडे चीनला का नेण्यात आली?

पनवेल : चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. दरवर्षी त्याच तारखेला तेथील स्मारकावर त्यांना अभिवादन केले जाते. हुतात्म्यांची तारीख आणि जागा जपण्याची अशीच रीत ख्रिस्ती धर्मात पहिल्या काही शतकांत रुजली. तिचा एक धागा थेट ठाणे आणि सोपाऱ्यापर्यंत येतो.

ठाण्यात काय घडले?

चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू १३२१ मध्ये होर्मुझहून जहाजाने ठाण्यात उतरले. थॉमस, जेम्स आणि पीटर हे तिघे इटलीचे, तर दिमित्री आजच्या जॉर्जियातील तिबिलिसीचे. ते एका स्थानिक ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. इटालियन साधू ओडोरिक यांच्या प्रवासवर्णनानुसार, त्या घरात नवऱ्याने बायकोला मारहाण केली. तिने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांकडे बोट दाखवले. पीटर सामानापाशी थांबले, बाकीचे तिघे काझीसमोर गेले. तिथे विषय भांडणावरून धर्मावर गेला आणि एप्रिलमध्ये चौघांनाही ठार मारण्यात आले. याबद्दल दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या अधिकाऱ्याला देहदंड दिला, असेही ओडोरिक सांगतात.

‘साक्षीदार’ ते ‘हुतात्मा’

इंग्रजीतील ‘मार्टर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थच साक्षीदार असा आहे. श्रद्धेची साक्ष देताना जीव गमावला, तो मार्टर. मराठी ख्रिस्ती समाजातील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द नेमका हाच अर्थ सांगतो.

हाडांना इतके महत्त्व का?

स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे इ.स. १५५ च्या सुमारास बिशप पॉलिकार्प यांना मारून त्यांचा देह जाळण्यात आला. अनुयायांनी हाडे रत्नांसारखी गोळा केली. दरवर्षी तिथे जमायचे ठरवले आणि मृत्यूच्या त्या तारखेला ‘जन्मदिवस’ म्हटले, कारण स्वर्गातील आयुष्य त्या दिवशी सुरू झाले, अशी त्यांची श्रद्धा होती.

रोमन कायद्यानुसार दफन शहराबाहेर होत असे. त्यामुळे चौथ्या शतकात छळ थांबल्यावर वेशीबाहेरच्या या थडग्यांवर चर्च उभी राहिली. इ.स. ३८६ मध्ये मिलानचे बिशप अँब्रोज यांनी गर्वासियस आणि प्रोटेसियस या दोन रक्तसाक्षींचे अवशेष नव्या चर्चच्या वेदीखाली ठेवले. आधी माणसे थडग्याकडे जात, आता अवशेषच माणसांकडे येऊ लागले.

ही पूजा नव्हे का?

हा आक्षेप तेव्हाही होता. व्हिजिलँशियस या धर्मगुरूने या प्रथेवर टीका केली, तर जेरोम यांनी इ.स. ४०६ मध्ये तिला लेखी उत्तर दिले. ऑगस्टिन यांनी फरक स्पष्ट केला : आराधना फक्त देवाची, रक्तसाक्षींचा केवळ सन्मान.

ठाण्यातील हाडांचे काय झाले?

डॉमिनिकन साधू जॉर्डेनस यांनी मृतदेह सोपाऱ्यात पुरले. नंतर आलेल्या ओडोरिक यांनी हाडे उकरून सोबत घेतली आणि चीनमधील झैतून, म्हणजे आजच्या क्वानझोऊ बंदरातील फ्रान्सिस्कन मठात पोहोचवली. चौघे चीनसाठीच निघाले होते. अपुरा राहिलेला तो प्रवास त्यांच्या हाडांनी पूर्ण केला. थॉमस यांच्या सन्मानाला पोपची मान्यता मिळायला मात्र १८९४ साल उजाडले.

उलट दिशेचे उदाहरण वसईचे. तिथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीत क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. मृत्यू परमुलखात झाला, तरी त्यांचा सण वसईत साजरा होतो. थडगे लांब असले किंवा हाडे हलली, तरी तारीख आणि नाव लक्षात ठेवणारी माणसे असतील तर आठवण टिकते. चिरनेरला २५ सप्टेंबरला जमणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.