पावसाळ्यात वाहनाचा सुरक्षित वेग कसा ठरवावा?

इगतपुरी तालुक्यात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो आणि कसारा घाटात दाट धुके उतरते. याच दिवसांत खते, दूध व भाजीपाला यांची ने-आण चालू असते. रस्त्यावरील फलकावर लिहिलेला वेग ही कमाल मर्यादा होय. पाऊस, धुके, चिखल व भार पाहून त्या वेळचा योग्य वेग चालकानेच ठरवावयाचा असतो.

त्याची कसोटी सोपी आहे. समोर जेवढा रस्ता स्पष्ट दिसतो, तेवढ्या अंतराच्या आत वाहन थांबविता आले पाहिजे. अरुंद गावरस्त्यावर समोरूनही वाहन येत असते. म्हणून तेथे दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यातच थांबता यावे.

ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे एवढा वेळ जातोच. त्यानंतर ओल्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे १६ मीटर लागतात. म्हणजे एकूण २७ मीटर. वेग ताशी २० किलोमीटर ठेवल्यास हेच काम सुमारे १० मीटरांत होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे नीट ध्यानात ठेवावे. धुक्यात ३० मीटरच दिसत असेल, तर गावरस्त्यावर ताशी ४० हा वेग घातक ठरतो. हे आकडे सपाट रस्त्याचे व चांगल्या ब्रेकचे आहेत. उतारावर, झिजलेल्या टायरांवर किंवा चिखलात अंतर याहून वाढते.

घाट उतरताना उताराच्या आरंभीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रलमध्ये वाहन कधीही सोडू नये. तसे केल्यास सर्व भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि निकामी होतात. ट्रॅक्टर रस्त्यावर आणण्यापूर्वी त्याचे दोन्ही ब्रेक-पेडल एकमेकांस जोडावेत. एकाच चाकास ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर उलटण्याचा संभव असतो. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. अशी भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला पुढे ढकलते व आडवी फिरते. म्हणून भार कमी ठेवून सावकाश उतरावे.

चिखलणीनंतर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरी रस्त्यावर पडतो व त्यावरून दुचाकी घसरतात. चाके शेताच्या बांधावरच साफ करावीत. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक अवश्य लावावेत, म्हणजे मागून येणाऱ्यास ती वेळीच दिसेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील चालकांना एकत्र बोलवावे आणि रस्त्याच्या कडेला १० व २७ मीटरांवर खुंट्या ठोकून हा फरक प्रत्यक्ष दाखवावा. दोन खुंट्यांमधील १७ मीटरांत एखादे शाळकरी मूल उभे असू शकते, एवढे सांगितले तरी पुरे.