तुमच्या आत्याला काय झालं होतं?

आशाताई वस्तीत फॉर्म भरायला येतात. घरात बीपी, शुगर, हृदयविकार कुणाला आहे, हे विचारतात. स्तनात गाठ आहे का, तेही विचारतात. घराण्यातल्या कॅन्सरची चौकशी मात्र बहुतेक वेळा राहून जाते.

स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहाच अनुवंशिक असतात. पण ज्या घरात तो असतो, तिथं आई, मुलगी, बहीण अशा एकामागून एक जातात आणि लोक म्हणतात, ‘मागच्या जन्माचं पाप.’ ते पाप नाही. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही जनुकं 1994 आणि 1995 मध्ये सापडली. त्यांतला बिघाड आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. प्रत्येक मुलामुलीत तो उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. म्हणून आत्या आणि वडिलांची आईसुद्धा विचारायची.

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे. पण मंगरूळपीरच्या बाईनं तिथवर जायचं की नाही, हे गावातल्या सिस्टरच्या पहिल्या बोलण्यावर ठरतं. ते बोलणं नुसत्या पुस्तकातून येत नाही. अनुभवी समुपदेशकाशेजारी बसून आधी ऐकायचं, मग आपण बोलायचं आणि तिनं ऐकायचं, नंतर चुका समजून घ्यायच्या. सिस्टर अशाच तयार होतात.

पहिला धडा तीन पिढ्यांची वंशावळ काढण्याचा. आपली भाषा इथं कामी येते. मावशी, आत्या रक्ताच्या. मामी, काकू नाहीत. पण कुणी ‘मोठी आई’ म्हणालं, तर ती आईची थोरली बहीण की चुलत्याची बायको, हे विचारावंच लागतं.

दुसरा धडा, घाबरवायचं नाही. बिघाड म्हणजे कॅन्सर नव्हे. धोका जास्त, म्हणून तपासणी लवकर आणि नियमित. शक्यतो ज्याला कॅन्सर झाला आहे त्याचीच जनुक चाचणी आधी करतात.

तिसरा धडा गुपिताचा. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ही गोष्ट वस्तीभर झाली, तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

घरी एवढं करा. आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा: कुणाला, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. पन्नाशीच्या आत स्तनाचा, दोन्ही स्तनांचा, कुठल्याही वयात अंडाशयाचा, पुरुषाला स्तनाचा, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातलगांना झाला असेल, तर ती वही सिस्टरला दाखवा. गाठ लागली तर मात्र वहीसाठी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

पोटाच्या आजारानं घाणीत पडलेला भिक्खू भगवान बुद्धांना दिसला, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, तुला काय होतंय, तुझं करायला कोणी आहे का? मग आनंदासोबत त्याला स्वतः न्हाऊ घातलं. विचारपूस हाच सेवेचा आरंभ आहे. तो आपल्या घरापासून करूया.

जय भीम!