पेन्शनीतली पिस्तुले

'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिले. 'पिस्तोला' आणि 'कार्तूशू' कोकण किनाऱ्यावर उतरली आणि बघता बघता मराठी झाली. वस्तू मात्र आपल्या मध्यमवर्गीय घरांत फारशी कधी शिरली नाही. तुम्हीआम्ही पिस्तूल पाहिले ते पडद्यावर, फार तर एखाद्या फौजदारसाहेबांच्या कमरेला! म्हणून मराठीच्या प्राध्यापकाने पिस्तुलांवर लिहावे याचे वाचकांना थोडे नवल वाटेल. पण शिक्के, सह्या आणि तारखा वाचणे हा आमचा जुनाच उद्योग. कागद मोडीतला असो की पोलादाचा, वाचायची रीत पुष्कळशी एकच असते.

सरकारी नोकर निवृत्त होतो तशी सरकारी शस्त्रेही निवृत्त होतात. सैन्य नवे पिस्तूल स्वीकारते आणि जुन्यांचे ढीग कोठारांत पडतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर आपल्याकडे लष्करी घोंगड्या आणि जीपगाड्या 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या, त्या पुढे कित्येक वर्षे लोकांनी वापरल्या. अमेरिकेत असा बाजार पिस्तुलांचाही भरतो आणि आजही भरतो. युरोपातल्या सैन्यांनी आणि पोलिसांनी टाकलेली पिस्तुले तिथे आयात होतात. हौशी मंडळी ती घेतात, पुसतात, त्यांच्यावरचे आकडे लावीत बसतात.

माझा भाचा ओहायो राज्यात इंजिनिअर आहे, आणि त्याला हा नाद आहे. मागल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो मला अशाच एका प्रदर्शनाला घेऊन गेला. लांबच लांब टेबले आणि त्यांवर बंदुका, पिस्तुले, जुने पट्टे, टोप्या. भाच्याचा डोळा होता एका जर्मन पिस्तुलावर. वॉल्थर कंपनीचे 'पी ३८' हे १९३८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेले, ९ मिलिमीटरचे, आठ गोळ्यांचे पिस्तूल. विक्रेता गोड बोलणारा होता. म्हणाला, "माझ्या वडिलांनी १९४५ साली एका जर्मन अधिकाऱ्याकडून हे हस्तगत केलं आणि खिशात घालून घरी आणलं." या कथेपायी किंमत दुपटीवर गेली होती.

असल्या पिस्तुलावर काय वाचायचे असते ते थोडक्यात सांगतो. (हातात घेताच पहिली गोष्ट म्हणजे ते भरलेले आहे असेच समजायचे, आणि मॅगझिन काढून नळी रिकामी असल्याची खात्री करायची. हा नियम विद्वानांनाही लागू आहे!) कारखान्याचे नाव शत्रूला कळू नये म्हणून जर्मनांनी सांकेतिक अक्षरे ठरवली होती. 'एसी' म्हणजे त्सेला-मेलिस गावचा वॉल्थर कारखाना, 'बीवायएफ' म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर, आणि 'सीवायक्यू' म्हणजे श्प्रेवेर्क. पहिले दोघे अक्षरांशेजारी सालाचे दोन आकडे देत. श्प्रेवेर्क ते देत नसे. त्याशिवाय लष्करी तपासनिसाचा ठसा असे, एक गरुड आणि त्याखाली आकडा. वॉल्थरचा ३५९, माउझरचा १३५, श्प्रेवेर्कचा ८८. आणि अनुक्रमांक वरच्या सरकत्या भागावर, खालच्या सांगाड्यावर आणि नळीवर एकच हवा.

आम्ही भिंग काढले. वर 'एसी ४३' होते, गरुडही होता. पण वरचा क्रमांक एक, सांगाड्यावरचा दुसरा, आणि मॅगझिनवरचा आकडा तर विजेच्या लेखणीने कोरलेला. सांगाड्यावर फुलीसारखी एक खूण होती, आणि सगळ्यावर नंतर चढवलेला काळा मुलामा. जाणकार अशा खुणांवरून ओळखतात की हे पिस्तूल रशियनांच्या हाती लागले होते. त्यांनी पकडलेली हजारो पिस्तुले आपल्या कोठारांत एकत्र खोलली, साफ केली आणि ज्याचा भाग त्याला न बघता पुन्हा जोडली. पण खरी गंमत पुढेच होती. नळीच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत एका अमेरिकन आयातदाराचे नाव आणि गावाचे नाव कोरलेले होते. १९६८ च्या कायद्यापासून परदेशातून येणाऱ्या शस्त्रावर असा छाप घालावा लागतो. आता वडिलांनी १९४५ साली खिशातून आणलेल्या पिस्तुलावर आयातदाराचा छाप येणार कुठून? शिवाय शिपायांना अशी चीज घरी न्यायची तर वरिष्ठांच्या सहीचा कागद मिळवावा लागे. तो कागद मागितला, तेव्हा विक्रेत्याला एकदम दुसरे गिऱ्हाईक दिसले.

किंमत अर्थातच खाली आली. खरे पाहता त्या किमतीला ते वाईट नव्हते. पण बरोबर आलेल्या सूनबाईंनी त्यावरचा एक ठसा पाहिला होता. गरुडाच्या पायांखाली वर्तुळात स्वस्तिक. ती एवढेच म्हणाली, "मी दिवाळीत दारात काढते ते वेगळं. हे मला घरात नको. उद्या मुलानं विचारलं तर काय सांगू?" भाचा काही बोलला नाही. पिस्तूल टेबलावर परत गेले.

दोन आठवड्यांनी त्याने परवानाधारक दुकानातून दुसरे घेतले. हेही जर्मनच, पण पोलिसांचे. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंची हत्या झाली, त्यानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांना आपली ७.६५ मिलिमीटरची जुनी पिस्तुले दुबळी वाटू लागली. चाचण्यांतून ९ मिलिमीटरची तीन नवी पिस्तुले पुढे आली, पी ५, पी ६ आणि पी ७. भाच्याचे आहे ते पी ६, सिग-झाउअरचे. त्यावर 'एनआरडब्ल्यू' असा छाप आहे, म्हणजे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याची मालमत्ता. पुढे '४/८०', म्हणजे एप्रिल १९८०. त्याच्या घोड्याच्या शेपटीला एक खाच ठेवलेली असते. पिस्तूल घोड्यावर आपटून पडले, तर ती शेपटी वाकते आणि शिपायाने शस्त्र पाडल्याची चुगली करते!

शेजारीच चाचणीगृहाच्या ठशात 'आय ए' ही अक्षरे होती. जर्मन चाचणीगृहांत साल अक्षरांनी लिहितात. 'ए' म्हणजे शून्य, 'बी' म्हणजे एक, असे करीत 'आय' म्हणजे आठ, आणि मधला 'जे' गाळून 'के' म्हणजे नऊ. तेव्हा 'आय ए' म्हणजे ८०. दोन्ही तारखा जुळल्या. पेशवाईतल्या पत्रांत 'सलास सितैन' पाहून त्रेसष्ट ओळखणाऱ्याला हे कोडे किती वेळ टिकणार?

हा सारा रिकामपणाचा खेळ वाटेल, पण तसा तो नाही. १९६३ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या एका दुकानाने डॅलसच्या 'ए. जे. हायडेल' नावाच्या गिऱ्हाइकाला टपालाने एक रिव्हॉल्व्हर धाडले. किंमत २९ डॉलर ९५ सेंट. ते स्मिथ अँड वेसनचे, युद्धकाळात ब्रिटनसाठी केलेले. युद्धानंतर व्यापाऱ्यांनी त्याची नळी कापून सव्वादोन इंच केली होती आणि निराळी, .३८ स्पेशल काडतुसे बसावीत म्हणून आतली घरे वाढवली होती. हायडेल म्हणजे ली हार्वे ऑस्वाल्ड. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर पाऊण तासाने त्याने याच रिव्हॉल्व्हरने टिपिट नावाच्या पोलिसाला ठार केले, असा वॉरन आयोगाचा निष्कर्ष आहे.

तपासात अडचण आली ती त्या दुरुस्तीमुळेच. नळी मूळचीच होती, किंचित रुंद. नव्या गोळ्या तिच्यातून डुलत जात आणि त्यांच्यावर सारखे ओरखडे उमटत नसत. एफ.बी.आय.च्या तज्ज्ञांना त्या गोळ्या याच रिव्हॉल्व्हरच्या असे खात्रीने सांगता येईना. जागेवर सापडलेल्या चार रिकाम्या काडतुसांवरच्या खुणांनी मात्र ते सांगितले. दूर देशच्या कोठारातून निघालेली एक स्वस्त वस्तू, खोट्या नावाने, टपालाने! १९६८ च्या कायद्याने असा टपाली व्यापार बंद केला आणि लष्करी जुन्या शस्त्रांची आयातही रोखली. संग्राह्य ठरलेल्या जुन्या शस्त्रांपुरते हे दार १९८४ साली पुन्हा किलकिले झाले. भाच्याला दुकानात सरकारी फॉर्म भरावा लागला आणि त्याची पूर्वपीठिका तपासली गेली, ती या आणि नंतरच्या कायद्यांमुळे.

आपल्याकडे हा छंद करता येत नाही, आणि त्याचे मला दुःख नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून पिस्तूल जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल तर सामान्य नागरिकासाठी निषिद्धच. तरीही जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, ट्रंकांच्या तळाशी आजोबा-पणजोबांचे एखादे रिव्हॉल्व्हर अधूनमधून निघते. तसे निघाले, तर चाप ओढून पाहू नये, तेल घालून चालू करू नये, आणि मुलांना तर मुळीच दाखवू नये. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून रीतसर जमा करावे. कायद्यात तशी सोय आहे, आणि वारसाला परवान्यासाठी अर्जही करता येतो. जमा करण्यापूर्वी आजोबांचा जुना परवाना ट्रंकेत आहे का, तेवढे मात्र शोधा. त्यावर शस्त्राचा क्रमांक असतो, आणि पुष्कळदा घराचा थोडासा इतिहासही.