शहराची वीज, सरकारचा पैसा आणि आपली वखार

धान्याच्या बाजारभावांवर आम्ही अशा स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले. यंदा विजेच्या भावावर लिहावे असे मनात आले. विषय पालटला असे वाचकांस वाटेल, पण तसे नाही. आबिड्सच्या पेढीतील पंखे, दिवे व वातानुकूलन यंत्र, आणि वखारीतील चाळणी व पाण्याचा पंप यांवर महिन्याकाठी जे जाते, ते अखेर पोत्याच्या भावातच येऊन बसते. शहराचेही तसेच होय. रस्त्यावरचे दिवे आणि पाणी उपसणारे पंप यांची बिले शहराच्या तिजोरीतून जातात, म्हणजे कर भरणारे आपणच ती भरतो. तेव्हा वीज वाचविण्यासाठी सरकार जो पैसा देते तो कोठे मुरतो आणि कोठे फळतो, हे पाहणे व्यापाऱ्याचे कामच आहे.

आमच्या मते या शहरातील सर्वांत पाहण्याजोगे उदाहरण बोवेनपल्लीच्या भाजी बाजाराचे. घाऊक भाजीच्या बाजारात दिवस वर येईतो नासकी टोमॅटो व कोबीचा पाला यांचे ढीग पडतात, आणि ते वाहून नेण्यातच पैसा जातो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि तेलंगणाच्या कृषिपणन विभागाने येथे पैसा दिला, तार्नाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विद्या दिली, आणि बाजाराच्या आवारातच वायुनिर्मितीचे केंद्र उभे राहिले. टाकाऊ भाजी निवडून बारीक करतात, तिचा लगदा हवाबंद टाकीत सोडतात, हवेवाचून जगणारे जंतू त्याचा वायू करतात आणि त्या वायूवर जनित्र फिरते. दररोज सुमारे १० टन कचरा, त्यापासून सुमारे ५०० युनिट वीज आणि ३० किलो इंधन, असा त्याचा ताळेबंद मांडला गेला. ही वीज बाजारातील दिव्यांना, गाळ्यांना व कचेरीला, आणि वायू उपाहारगृहाच्या चुलीला देण्यात आला. उरलेला गाळ खत म्हणून उपयोगी. पंतप्रधानांनी ३१ जानेवारी २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये या बाजाराचा मुद्दाम उल्लेख केला होता.

५०० युनिट म्हणजे काही मोठा आकडा नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्ही मात्र त्यात वाचलेले गाडीभाडेही धरतो, आणि त्याहून अधिक मोल तेथील रोजगाराला देतो. कचरा निवडणे, यंत्रात भरणे, टाकीवर लक्ष ठेवणे, जनित्राचे तेलपाणी पाहणे ही कामे आपोआप होत नाहीत. त्यांस माणसे लागतात, आणि ती बाजारातच मिळतात.

दुसरा मार्ग रस्त्यावरच्या दिव्यांचा. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू केली. तिची रीत आपल्या उधारीच्या व्यवहारासारखीच आहे: केंद्राची ऊर्जा कार्यक्षमता सेवा कंपनी आधी आपला पैसा घालून दिवे बसविते, आणि नगरपालिका वाचलेल्या बिलातून तो हप्त्यांनी फेडते. हैदराबादेत या रीतीने चार लाखांहून अधिक दिवे पालटले गेले. मात्र दिवा बसविणे सोपे, सांभाळणे कठीण. करारात देखभालीची कलमे सैल राहिली तर बचत कागदावर आणि गल्ली अंधारात, अशी गत होते.

तिसरा मार्ग रोख्यांचा. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, हैदराबादेने २०१८ मध्ये रस्त्यांसाठी तेवढेच काढले, आणि अशा रोख्यांवर केंद्राने शंभर कोटींमागे १३ कोटींचे प्रोत्साहन ठेवले होते. पण विजेच्या दृष्टीने खरी मौज इंदूरची. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढविण्याचे वीजबिल जबर. म्हणून तेथील महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे ८.२५ टक्के व्याजाने काढून ६० मेगावॉटचे सौर केंद्र योजिले. सामान्य माणसांनीही ते घेतले. ज्या कर्जाने खर्चच घटतो ते कर्ज आम्हांस वावगे वाटत नाही.

आता आपल्या डोक्यावरील छपराविषयी. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या वखारीत दुपारी दोन वाजता ज्याने पाय ठेवला आहे, त्यास अधिक सांगणे नको. डाळ-तांदळाचा ओलावा उडून वजनात घट येते, ती आपण खात्यात लिहितो. पाठीवर पोते घेतलेल्या हमालाची घट कोणत्याच खात्यात येत नाही. तेलंगणा सरकारने ३ एप्रिल २०२३ रोजी शीत छपराचे धोरण जाहीर केले. सूर्यप्रकाश परतविणारा पांढरा लेप वा फरशी छतावर घालावी, आणि २०२८ पर्यंत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छत असे करावे, त्यांपैकी २०० हैदराबादेत, असा त्याचा संकल्प. व्यापारी इमारतींस ते सक्तीचे केले आहे. लेपावर धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून छत धूतही राहावे लागते. पण त्याला लागते बादली, झाडू आणि दोन माणसांची मजुरी. जुन्या वखारींनी कायद्याच्या बडग्याची वाट कशाला पाहावी?

घरावरील सौर पट्ट्यांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना ७५,०२१ कोटींच्या तरतुदीने आणली. तीन किलोवॉटला ७८,००० रुपये साहाय्य ठरले, आणि सदनिकांच्या गृहसंस्थांस सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. दुकान व वखार यांस त्यात स्थान नाही. हे आम्हांस खटकते, पण आपले बहुतेक बंधू ज्या इमारतींत राहतात त्यांस आहे.

या पट्ट्या बसविणार कोण? सूर्यमित्र प्रशिक्षण २०१५ पासून याचसाठी आहे. आयटीआय झालेल्या वायरमन-इलेक्ट्रिशियन मुलांस सुमारे तीन महिन्यांत हे काम शिकविले जाते. आपल्या हमालांचे पुष्कळ मुलगे आयटीआयला जातात. पोते उचलण्याखेरीज दुसरे काम त्यांच्या दृष्टीस पडावे, म्हणून संघाने त्यांची नावे गोळा करून दिली तर खर्च काहीच नाही.

संघाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एवढेच ठेवू इच्छितो की, येत्या उन्हाळ्यापूर्वी सभासदांच्या वखारींच्या छतांची चौरस फुटांत यादी व मागील बारा महिन्यांची वीजबिले एकत्र करावीत. लेपाचा भाव एकगठ्ठा मागितला तर तो पडेल, हे धान्याच्या व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही. आमच्या दोन वखारींची मापे आम्ही कार्यालयात देऊन ठेवली आहेत.